करडी वायर

उणे सव्वीस. कंटेनरच्या दाराला
आतून माझाच श्वास गोठून चिकटलाय.
अशा थंडीत प्लास्टिकला जोर दाखवायचा नसतो,
क्लिपा खारीसारख्या तुटतात.
म्हणून आधी हेअर ड्रायर,
न्हालेल्या पोरीच्या केसांवरून फिरवावा तसा
डॅशबोर्डवरून, सावकाश.

चोइजिल म्हातारा डावीकडच्या सीटवर.
मांडीत थर्मास, खारट दुधाचा चहा.
"हा जपानी डबा काढ," म्हणाला,
"शहात्तर ते नव्वद, तेवढंच ऐकू येतं याला.
घोड्यांच्या शर्यती एकशे दोनवर लागतात.
बहिऱ्याशी किती वर्षं संसार करायचा?"
मग बोट वर करून,
"पण त्या बाईला हात लावायचा नाही."

कोणती बाई, हे मी विचारलं नाही.
उलानबातरमधल्या निम्म्या गाड्यांत ती बसलेली असते.
चावी फिरवली की बोलते,
गोड, भरभर,
दुकान बंद करून निघालेल्या मुलीसारखी.

चार स्क्रू. एक खाली घरंगळला तो गेलाच.
जुना डबा बाहेर आला,
मागे केसांच्या गुंत्याएवढ्या वायरी.
टोयोटाची करडी म्हणजे नव्याची लाल,
तपकिरी म्हणजे काळी,
निळ्यावर पिवळी रेघ, ती नुसती पिवळी.
एकेक जोडायची, टेप गुंडाळायची,
दोघांची गाठ घालून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं.
नवा डबा अंगानं बारीक.
दोन्ही बाजूंना बोटभर फट राहिली,
तिथे काळ्या पट्ट्या ठोकल्या.

चावी. निळा उजेड. एकशे दोन.
कुणीतरी खोकाच्या औषधाची जाहिरात करत होतं,
म्हातारा तीसुद्धा मान हलवत ऐकत राहिला.
मग त्याने आवाज बंद केला.
चावी काढली. पुन्हा फिरवली.
"ती कुठे गेली?"

मी लाजले, खरं सांगायचं तर.
कुणीतरी, नागोयात की कुठे,
टोलच्या यंत्राची वायर
याच करड्या वायरीला सोलून चिकटवली होती,
आणि मी ती कचरा समजून कापली.

पुन्हा ड्रायर. पुन्हा क्लिपा. या वेळी दोन तुटल्याच.
अंधार पडला. बोटं माझी आहेत की पक्कडीची ते कळेना.
म्हाताऱ्याने टॉर्च धरला,
आणि न विचारता सांगत राहिला:
स्टिअरिंग उजवीकडे, रस्ताही उजवीकडचा,
पुढे ट्रक असला की मला काही दिसत नाही.
या सीटवरून दारीजाव वाकून बघायची, म्हणायची, जा.
कधी म्हणायची, थांब, मेलास.

तांब्याला तांबं लागलं. चावी.
बाई बोलली.
"काय म्हणते गं ही? तू होतीस ना तिकडे?"
दोन वर्षं, सुट्या भागांच्या गोदामात.
खोटं सुचलंही होतं, चांगलंसं.
"कार्ड घातलेलं नाही, म्हणते. टोलचं."

थोडा वेळ नुसता टॉर्च हलला.
"नऊ वर्षं," तो म्हणाला, "नऊ वर्षं दारीजाव तिला रोज म्हणायची,
हो गं बाई, घेतलंय सगळं."
आणि असा हसला
की चहा गिअरवर सांडला, मी पुसला.

पैसे देताना घासाघीस केलीच.
मी सांगितलं, दोन क्लिपा गेल्यात, खड्ड्यात खडखड होईल.
म्हणाला, होऊ दे, घरही खडखडतंच.

फाटकाबाहेर कोळशाचा ट्रक उभा होता.
त्याची गाडी ट्रकमागे थांबली.
ब्लिंकर चालू. हलेना.
मी हातमोजे न घालताच धावले,
ट्रकच्या डाव्या अंगाने वाकून बघितलं,
एक बस जाऊ दिली,
आणि ओरडले,
जा.